हात काढू नका

“बाटली कोणी सांडली गं? पुसून दोन मिनिटं झाली नाहीत, की परत तळं!”

सफाईवाल्या मावशींचा आवाज लसीकरणाच्या खोलीत आला, तेव्हा भागूबाईंच्या हातात एका दीड महिन्याच्या बाळाची मांडी होती. सुई नुकतीच बाहेर आली होती आणि बाळाने टाहो फोडला होता. त्या रडण्यातूनही बाहेरचा दुसरा आवाज त्यांना ऐकू आला. बारीक, ओशाळलेला.

“मावशी, बाटली नाही हो. माझंच पाणी गेलंय.”

भागूबाईंनी हातातली सुई ट्रेमध्ये टाकली. त्यांनी बाळाच्या मांडीवर कापूस दाबला, आईचा अंगठा त्यावर ठेवला, “दाबून धरा” म्हणाल्या आणि दारात आल्या.

समोरच्या बाकावर गरोदर बायका तपासणीसाठी नंबर लावून बसायच्या. त्यातली एक भिंतीला हात टेकून उभी होती. तिशीच्या आसपासची, पोट चांगलंच मोठं. पायाखाली पाण्याचं थारोळं. तिची नणंद छातीशी फाइल धरून तिच्यावरच चिडली होती.

“कधीची म्हणतेय वहिनीला, खाली बस, तर बसायलाच तयार नाही.”

“कितवा महिना?” भागूबाईंनी विचारलं.

“आठवा संपत आलाय,” नणंदच बोलली. “मागच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या होत्या, पोटात पाणी जरा जास्त आहे, आणि बाळाचं डोकं अजून खाली बसलं नाहीये.”

“कळा येतायत का?”

बाईने हो म्हणून मान हलवली. मग नणंदेला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती पुढे वाकली आणि भागूबाईंच्या कानाशी म्हणाली, “सिस्टर, खाली काहीतरी आलंय. लोंबतंय. म्हणून बसत नाहीये.”

भागूबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कधीतरी कोणीतरी थट्टेने भित्री भागूबाई म्हणालं. पुढे वापरून वापरून त्यातलं ‘भित्री’ झिजून गेलं आणि भागूबाई तेवढं उरलं. लसीच्या बाटलीवरची तारीख त्या तीनदा वाचत. घरातून निघताना गॅस बंद केलाय का, हे बघायला जिना उतरून परत चढत. नवरा म्हणायचा, “हिच्यामुळे आमचं घर कधी जळायचं नाही, पण मी कामावर वेळेत पोचायचोही नाही.” यावर त्या स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसत. पूर्वी सोळा वर्षं त्या बाळंतपणाच्या विभागात होत्या आणि अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपण होऊन इकडे बदली मागून घेतली होती. का, ते दवाखान्यातल्या जुन्या दोघी-तिघींनाच ठाऊक होतं. त्या बोलत नसत.

“आत चला,” भागूबाई म्हणाल्या. आवाज आपला नाही असं त्यांना वाटलं. “हळू. पाय फाकून चाला. नणंदबाई, तुम्ही दार लावा.”

खोलीतल्या आया मुलांना उचलून बाहेर गेल्या. तपासायच्या खाटेवर बाईला आडवी करून भागूबाईंनी कपडा वर केला, आणि जे दिसू नये म्हणून त्या अकरा वर्षं त्या विभागाच्या पायऱ्या चढल्या नव्हत्या, तेच त्यांच्यासमोर होतं. नाळ. बोटाएवढी जाड, निळसर पांढरी, पीळ घातलेली, ओलीचिंब. एक वेटोळं बाहेर आलं होतं आणि त्यात बारीक ठोका उडत होता.

बाळाच्या आधी नाळ बाहेर आली, की डोकं खाली उतरतं आणि तिच्यावर बसतं. आईकडून येणारं रक्त त्या नाळेतूनच यायचं. म्हणजे बाळ आपल्याच डोक्याने आपला श्वास बंद करतं. कोणाचं काही चुकलेलं नसतं, आणि हातात मोजकी मिनिटं असतात.

भागूबाईंना पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. दार तीन पावलांवर होतं. बाळंतपणाच्या विभागातली कोणीतरी येईल, तिचं ते काम आहे, आपलं नाही. हे सगळं मनात येत असताना त्यांचे हात मात्र हातमोजे चढवत होते.

“मावशी!” त्यांनी हाक मारली. “पळा. वर जाऊन सांगा, नाळ बाहेर आलीय. एवढंच सांगा, दुसरं काही नको.”

वीस वर्षांत मावशींना कोणी पळताना पाहिलं नव्हतं. त्या बादली तिथेच टाकून धावल्या.

“ताई, आता मी हात आत घालणार आहे,” भागूबाई म्हणाल्या. “दुखेल. बाळाचं डोकं मला वर ढकलून धरायचंय.”

“बाळाला काय झालंय?”

“अजून काही झालेलं नाही. होऊ नये म्हणूनच धरायचंय.”

बोटं आत गेली आणि डोक्याला लागली. गुळगुळीत, कठीण, लिंबाएवढी जागा बोटांच्या टोकांवर. भागूबाईंनी डोकं वर रेटलं. नाळेच्या वेटोळ्याला शक्यतो हात न लावता त्यांनी ते हळूच आत सरकवलं. नाळेला फार हाताळलं, गार हवा लागली, की ती आकसते, हे त्यांना आठवलं. कितीतरी आठवत होतं. विसरायला अकरा वर्षं पुरली नव्हती.

“आता ओणव्या व्हा. माझा हात आतच राहील. गुडघ्यांवर या, छाती खाटेला टेकवा, कंबर वर.”

“अहो, अशी कशी... सगळं उघडं...”

“लाज नंतर वाटून घ्या. मीपण वाटून घेईन तुमच्याबरोबर.”

नणंदेने रडत रडत वहिनीला वळवलं. ट्रॉलीवाले काका आले, पाळीवरचा डॉक्टर आला. बाराही महिने सर्दी असलेला, कायम नाक ओढणारा, पण कामाला चोख. त्याने एकदा वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“सिस्टर, हात काढू नका.”

“नाही काढत.”

“थिएटरपर्यंत असंच जायचं. वर चढा.”

भागूबाई ट्रॉलीवर चढल्या. पंचावन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे दुखत असताना, ओणव्या बाईच्या मागे गुडघे टेकून, उजवा हात तिच्यात. काकांनी दोघींवर मिळून एक चादर टाकली आणि ट्रॉली निघाली. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते, बघत होते. चारचौघांत शिंक आली तरी ओशाळणाऱ्या भागूबाईंना त्यातलं कोणी दिसत नव्हतं. बोटांना नाळेतला ठोका लागत होता, आणि त्या तेवढ्यावर कान लावल्यासारख्या बसल्या होत्या. लागतोय. लागतोय. अजून लागतोय.

लिफ्टमध्ये ट्रॉली तिरकी करून कशीबशी बसली.

“सिस्टर,” खालून बाईचा दबका आवाज आला. तिचं तोंड गादीत होतं. “आहे ना हो?”

“आहे.”

“खोटं नाही ना बोलत?”

“मला खोटं बोलायलाही भीती वाटते, ताई.”

वरच्या मजल्यावर थिएटरचं दार बंद होतं. आत मोठ्या डॉक्टरबाईंचं दुसरं सिझेरियन चालू होतं. दुसरं टेबल रिकामं होतं, पण भूल देणारे डॉक्टर एकच, आणि ते त्या पहिल्या बाईपाशी.

“दहा मिनिटं,” आतून निरोप आला.

दवाखान्यातली दहा मिनिटं केवढी असतात, ते तिथे उभ्या असलेल्याला विचारावं. पाळीवरच्या डॉक्टरने बाईला ऑक्सिजन लावला, कळा थांबवायचं इंजेक्शन दिलं, लघवीची नळी घालून त्यातून उलट सलाइन भरलं. लघवीची पिशवी फुगली की बाळाचं डोकं थोडं वर उचललं जातं. सगळं पाठ केल्यासारखं भराभर केलं त्याने. मग नाक ओढून म्हणाला, “हात बदलू का? मी धरतो.”

भागूबाईंना हो म्हणावंसं वाटलं. इतकं, की शब्द ओठांवर आला होता.

“नको. बदलताना डोकं खाली येईल.”

कळ आली. इंजेक्शन अजून चढलं नव्हतं. डोकं दगडासारखं खाली रेटत आलं आणि भागूबाईंची बोटं त्याच्यात आणि हाडात सापडली. त्यांनी दात आवळले.

“ताई, जोर नका लावू. कितीही वाटलं तरी नको. तोंडाने श्वास सोडा. फू, फू करा. बोला माझ्याशी. काम काय करता?”

“शर्टाच्या... कॉलरी शिवते. कारखान्यात.”

“नुसत्या कॉलरी?”

“नुसत्या कॉलरी. बाह्या दुसरी शिवते. अख्खा शर्ट मी... बारा वर्षांत एकदासुद्धा नाही शिवला.”

भागूबाईंना अशा वेळीही हसू आलं. “घरी?”

“घरी मोठी मुलगी आहे. सात वर्षांची. तिला सांगून आलेय, तपासून लगेच येते म्हणून.” बाईचा आवाज फाटला. “सिस्टर, माझे गुडघे फार दुखतायत.”

“माझेपण. थोडंच राहिलंय.”

थोडंच राहिलंय, हे त्या कशाच्या जोरावर म्हणाल्या, देव जाणे. कळ ओसरली. भागूबाईंनी पुन्हा ठोका शोधला.

ठोका लागेना.

त्यांनी बोट किंचित सरकवलं. काही नाही. बोटंच लागत नव्हती. मनगटापासून पुढे हात आपला आहे की लाकडाचा, हेच कळत नव्हतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. आणि अकरा वर्षांपूर्वीची ती सकाळ जशीच्या तशी समोर उभी राहिली.

तेव्हाही असंच होतं. अशीच नाळ, अशीच ओणवी बाई, असंच दारापाशी थांबणं. तेव्हाही हात असाच बधिर झाला होता आणि ठोका लागेनासा झाला होता. भागूबाईंना वाटलं, गेलं. आता या बाईला कशाला उगाच छळायचं? त्यांनी हात काढला. पाच-सहा मिनिटांनी डॉक्टर आले, त्यांनी पोटावर यंत्र लावलं, तर आतून ठोका आला. मंद, थकलेला, पण ठोका. मग धावाधाव झाली. बाळ बाहेर आलं ते निपचित. चौकशीत सगळे म्हणाले, तुमचा दोष नाही, हात काढला नसता तरी कदाचित असंच झालं असतं. ‘कदाचित’ या शब्दाला उशाशी घेऊन भागूबाई अकरा वर्षं झोपत होत्या. ती बाई शुद्धीवर येऊन बाळ मागणार, त्याच्या आधी त्या मागच्या दाराने घरी गेल्या होत्या. तिचं तोंड त्यांनी परत पाहिलं नाही.

“डॉक्टर,” भागूबाई म्हणाल्या. “मला ठोका लागत नाहीये.”

खालून बाईचं फू फू थांबलं. तिने ऐकलं होतं.

डॉक्टरने ठोके ऐकायचं यंत्र घेतलं, खाली वाकून बाईच्या पोटाला लावलं. खरखर. सरकवलं. पुन्हा खरखर. भागूबाईंचं मन म्हणत होतं, काढ, संपलं, किती वेळ धरणार, काढ. हात थरथरायला लागला होता, दंडापासून खाली, थांबवून थांबत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने उजवं कोपर घट्ट पकडलं आणि तसाच वर रेटून धरला. जे लागत नव्हतं, त्याला धरून राहिल्या.

यंत्रातून आवाज आला. ठक्. मग केवढी तरी पोकळी. ठक्.

“आहे,” डॉक्टर म्हणाला. “सत्तर. कमी आहे, पण आहे. सिस्टर, हात...”

“नाही काढत,” भागूबाई जवळजवळ ओरडल्या.

दार उघडलं.

पुढचं सगळं भराभर झालं. बाईला उताणं करताना हात तसाच ठेवून भागूबाई तिच्याबरोबर फिरल्या. टेबलाच्या पायथ्याशी कोणीतरी स्टूल सरकवलं, त्या बसल्या, आणि वरून हिरवा कपडा पडला. मग त्यांना काही दिसेना. कपड्याखाली गरम, कोंदट अंधार. वर पावलं, चिमट्यांची खणखण, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा आवाज, “झोपली. करा सुरू.” मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “कोण आहे खाली?” कोणीतरी सांगितलं, “भागूबाई.” मोठ्या डॉक्टरबाई त्या जुन्या दोघी-तिघींतल्या एक होत्या.

“भागूबाई, मी सांगेपर्यंत धरा.”

आणि मग बधिर बोटांनाही जाणवलं. वरून दुसरा हात आला. दोन हात एकाच डोक्याला दोन बाजूंनी लागले, आणि वरच्या हाताने ते डोकं उचलून नेलं. भागूबाईंच्या बोटांवरचं वजन एकदम नाहीसं झालं. इतकं एकदम, की त्या दचकल्या.

“सोडा आता.”

त्यांनी हात काढला आणि कपड्याखाली तशाच बसून राहिल्या. आता रडायला हवं. आता. वर कोणी बोलत नव्हतं. पाठ चोळल्याचा आवाज आला, नळीतून काही ओढल्याचा. बाळांचे डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, “हवेची पिशवी द्या.” मग हवा दाबल्याचा फुस्, फुस् आवाज. भागूबाईंनी डोळे मिटले. कितीदा फुस् झालं, त्यांनी मोजलं नाही. मोजायचा त्यांना धीर झाला नाही.

मग कोपऱ्यातून एक आवाज आला. रडणं म्हणावं असा नव्हता तो, तेल न घातलेली बिजागरी करकरावी तसा. पुन्हा एकदा. मग जरा मोठा. मग रागावलेला.

भागूबाईंना कपड्याखालून ओढून काढावं लागलं. बोटं पंजासारखी वळून तशीच राहिली होती. कोणीतरी कोमट पाण्याचं भांडं पुढे केलं. पाण्यात हात बुडवताना त्यांचं लक्ष तबकातल्या नाळेकडे गेलं. लांबच लांब, जवळजवळ मीटरभर. आणि कापलेल्या तोंडाशी भोकं दोनच. एक मोठं, एक बारीक. बारीक दोन असायला हवीत.

मोठ्या डॉक्टरबाईंनीही ते पाहिलं होतं. “एक रक्तवाहिनी कमी आहे,” टाके घालता घालता त्या म्हणाल्या. “बहुतेक मुलं ठणठणीत असतात अशी. पण हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्यायला हवीत.” मग जरा थांबून, “भागूबाई, परत या ना इकडे. माणसं लागतात अशी.”

“नको, मॅडम.”

“का?”

“भीती वाटते.”

“आज कुठे वाटली?”

“आजच्याइतकी आयुष्यात कधी वाटली नव्हती,” भागूबाई म्हणाल्या, आणि लस घ्यायला बाहेर बाळं ताटकळली असतील म्हणून खाली गेल्या. इंजेक्शनं मात्र त्या दिवशी दुसरीने दिली. त्यांच्या हातात सुई राहत नव्हती.

तीन दिवस त्या कामावर अर्धा तास आधी येत होत्या आणि नवजात बाळांच्या खोलीच्या काचेशी उभ्या राहत होत्या. मुलगा होता. पहिल्या दिवशी त्याचे हातपाय मधूनमधून झटके दिल्यासारखे उडत होते. ते बघून भागूबाईंनी घरी जाऊन जेवण केलं नाही. नवऱ्याने विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं, अकरा वर्षांपूर्वीचंसुद्धा, पहिल्यांदाच. एरवी तो थट्टा करणारा माणूस. सकाळी मात्र गॅस बंद आहे का, ते बघायला तोच जिना चढून परत गेला. दुसऱ्या दिवशी झटके थांबले. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. दोन्ही मूत्रपिंडं व्यवस्थित, हृदय व्यवस्थित. दुपारी बाळाने दूध ओढलं आणि त्याला आईकडे दिलं.

त्यानंतर भागूबाई बाळंतिणींच्या खोलीत गेल्या. दारापर्यंत जाऊन एकदा मागे फिरल्या, पुन्हा वळल्या.

कॉलरी शिवणारी बाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. बाळ मांडीवर झोपलेलं. भागूबाईंकडे ती अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. तिने त्यांचा चेहरा धड पाहिला कुठे होता? मग भागूबाई म्हणाल्या, “कसं वाटतंय, ताई?” आणि आवाज ऐकताच तिचे डोळे भरले.

“तुम्ही होय!”

“टाके दुखतायत का?”

“दुखतायत. दुखू देत.” ती त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. मनगट सुजलं होतं, पट्टी बांधली होती. “सिस्टर, एक विचारू? तुम्ही फार घाबरला होता ना?”

खोटं बोलून काय मिळणार होतं?

“हो. फार.”

“मला कळत होतं. हात कसा थरथरत होता तुमचा.” बाई बाळाच्या अंगावरचं फडकं उगाच सारखं करत बोलत होती. “शेवटी तर माझ्याने अजिबात राहवत नव्हतं हो. गुडघे गेले होते, जोर लावावासा वाटत होता, वाटत होतं, कोसळावं एकदाचं. आणि तुम्ही म्हणालात, ठोका लागत नाही. मला वाटलं, संपलं. पण तुमचा हात काही निघाला नाही. मग म्हटलं, ही बाई एवढी भिऊन धरून बसलीय, आपण हललो तर हिचं काय होईल? म्हणून हलले नाही.”

पेशंटच्या खाटेवर कधी बसायचं नाही, हे भागूबाईंनी कितीतरी नव्या मुलींना शिकवलं होतं, बसलेल्यांना उठवलं होतं. त्या खाटेच्या अगदी कडेला बसल्या. बाईने पाय जरासे आखडून घेतले आणि त्यांना नीट जागा करून दिली.